शू जमली, पण शी डायपरशिवाय होतच नाही. काय करावं?

गणवेशवाली_आई (जुळे सोलापूर), ११ एप्रिल, रात्री ११.४०

पहिल्यांदाच धागा काढतेय. मुलगा २ वर्षं ९ महिन्यांचा आहे. शू फेब्रुवारीतच जमली. "आई, शू" म्हणतो, मोरीत पळतो, दिवसभर चड्डी कोरडी असते. शीचं मात्र अवघड होऊन बसलंय.

शी आली की येऊन म्हणतो, "डायपर घाल." घातलं की लोखंडी कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन उभा राहतो, कपाटाची कड दोन्ही हातांनी धरतो, टाचा वर करतो. मी डोकावलं तर ओरडतो, "बघू नको!" भांड्यावर बसवलं तर पाय ताठ करून उठतो. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी डायपरचं पाकीट माळ्यावर टाकलं. म्हणाल्या, दोन दिवसांत सरळ होईल. हा चार दिवस शीलाच गेला नाही. पाचव्या दिवशी रात्री झाली, रडत, किंचाळत. खड्यासारखी होती आणि वर रक्ताची बारीक रेघ होती. मी त्याच रात्री स्टुलावर चढून पाकीट खाली काढलं.

जूनमध्ये नर्सरीत घालायचंय. शाळेत विचारलं तर म्हणाले, डायपर सुटलेलं असेल तरच घेऊ. मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करते. एप्रिल-मे म्हणजे आमचा ऐन सीझन, सुट्टी मागायचीसुद्धा सोय नाही. दिवसभर तो सासूबाईंकडे असतो. त्यांचंही वय झालंय, आणि पाणी चार दिवसांनी येतं. सारखी धुणी कशी काढायची, हा त्यांचा प्रश्नही खराच आहे.

कुणाचं मूल असं करत होतं का? तुम्ही काय केलंत?

रेवाची_मम्मी (विजापूर रोड), १२ एप्रिल, सकाळी ७.०५

आमची पडद्यामागे जायची. सेम. वाचते आहे.

दमाणीनगरची_आज्जी, १२ एप्रिल, सकाळी ९.२०

बाळ, घाबरू नकोस. मी तीन लेकरं आणि चार नातवंडं वाढवली. आमच्या वेळी डायपर कुठलं? सहा महिन्यांचं झालं की सकाळी उठल्या उठल्या दोन पायांवर धरायचं, पाठ आपल्या पोटाला टेकवायची आणि तोंडानं "शूऽऽ" करायचं. पोराला त्या आवाजाची सवय लागायची. वर्षा-दीड वर्षात लंगोट सुटायचा. आता डायपरमध्ये ओलं लागतच नाही, मग लेकराला कळणार कसं?

घट्ट होत असेल तर विड्याच्या पानाच्या देठाला एरंडेल लावून फिरवायचं. लगेच मोकळं होतं. आम्ही सगळ्यांनी हेच केलं.

बालवॉर्ड_सिस्टर (सात रस्ता), १२ एप्रिल, दुपारी ३.१५

आज्जी, पायावर धरायची तुमची पद्धत फार चांगली. त्यात मूल उकिडवं बसतं, गुडघे वर येतात, पाठीला आधार असतो. नेमकं हेच पाहिजे असतं. पण हात जोडून सांगते, देठ, साबणाची कांडी, एरंडेल यातलं काही करू नका. आधीच चीर पडलीय. तिथं काही घातलं की दुखतं, आणि हे लेकरू दुखण्यालाच घाबरलंय.

गणवेशवाली ताई, माझी बाराहून जास्त वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात गेली. तुमच्या लिहिण्यातून मला हट्ट दिसत नाही, बद्धकोष्ठता दिसते. टाचा वर करून, काहीतरी घट्ट धरून, ताठ उभं राहणारं मूल बघितलं की आईबाप म्हणतात, "किती कुंथायलाय बघा." बऱ्याचदा ते कुंथत नसतं. ढुंगण आवळून शी आत रोखून धरत असतं. एकदा घट्ट शी झाली, दुखलं, ते डोक्यात बसलं. पुढच्या वेळी कळ आली की मूल रोखतं. रोखलं की आतड्यात तिच्यातलं पाणी शोषलं जातं आणि ती आणखी कडक होते. मग आणखी दुखतं. असं बरेच दिवस चाललं की आतड्याचं शेवटचं टोक ताणलं जातं आणि कळ आलेली नीट समजतच नाही. काही मुलांच्या चड्डीला मग पातळ शीचे डाग लागायला लागतात. घरच्यांना वाटतं जुलाब झालेत. खरं तर आत खडा बसलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ वाहत असतं. तेव्हा कुणी जुलाब थांबवायचं औषध दिलं की आणखी पंचाईत.

म्हणून आधी शी मऊ करायची, शिकवणं नंतर. रक्त दिसलंय तेव्हा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. ते शी मऊ ठेवणारी पावडर किंवा सिरप देतील. ते डॉक्टर सांगतील तितके दिवस द्यायचं असतं, दोनदा मऊ झाली म्हणून आपल्या मनानं बंद करायचं नाही. मोठ्यांचं चूर्ण चिमूटभरसुद्धा नको.

आणि तोपर्यंत डायपर मागितलं तर द्या. डायपरमध्ये का होईना, रोज होणं महत्त्वाचं. तुम्ही रात्री पाकीट खाली काढलंत ते अगदी बरोबर केलंत.

मला एवढं सांगा: दूध किती पितो? आणि पाणी?

गणवेशवाली_आई, १२ एप्रिल, रात्री १०.५०

सिस्टर, वाचून रडूच आलं. आम्ही दोन महिने त्याला हट्टी म्हणतोय.

दूध तीन बाटल्या, पाऊण लिटर तरी होत असेल. जेवत नाही म्हणून आम्हीच देतो. दुधाबरोबर बिस्किटं, दुपारी वरणभात. पाणी मागितलं तर. भाकरी त्याला नकोच असते.

बालवॉर्ड_सिस्टर, १३ एप्रिल, सकाळी ६.३०

दूध दिवसाला अर्धा लिटरच्या आत आणा, आणि बाटली नको, पेल्यानं. दुधानं पोट भरलं की मूल भाजी-भाकरी खात नाही. दूध, बिस्किट, भात यावर पोट साफ होत नाही. शिवाय आपल्याकडचा एप्रिल. बेचाळीसच्या उन्हात घामानंच अंगातलं पाणी जातं. मागायची वाट बघू नका, दर थोड्या वेळानं घोट-घोट पाजत राहा. भाकरी चावायला जड जात असेल तर गरम वरणात कुस्करून, वर तूप घालून द्या. पपई, पिकलेला पेरू बिया काढून, काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी चुरडून. एकदम सगळं नको, एक-एक सुरू करा.

सरळ_बोलणारी (होटगी रोड), १३ एप्रिल, सकाळी ११.००

माझं मत वेगळं आहे. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन दिवस डायपर पूर्ण बंद केलं, पोरीला नुसत्या फ्रॉकवर ठेवलं, घरभर पुसत फिरलो. चौथ्या दिवशी शिकली. जितकी मुभा द्याल तितकं लांबतं. शाळा जूनमध्ये आहे, सारखं लाडात घेऊन कसं चालेल?

बालवॉर्ड_सिस्टर, १३ एप्रिल, दुपारी २.४०

ताई, तुमची मुलगी तयार होती, तिला शी करताना दुखत नव्हतं. अशा मुलांना ती पद्धत छान लागू पडते, आणि उन्हाळा त्यासाठी चांगलाही असतो, कपडे कमी, धुतलेलं तासात वाळतं. ह्या बाळानं मात्र चार दिवस रोखून दाखवलंय. त्याच्यावर जोर केला तर सहा दिवस रोखेल. हे भांडण आईनं जिंकण्यासारखं नाही, शी कधी करायची ते शेवटी त्याच्याच हातात आहे.

सरळ_बोलणारी, १३ एप्रिल, दुपारी ३.३०

रक्ताचं मी नीट वाचलं नव्हतं. मग बरोबर आहे तुमचं. गणवेशवाली ताई, आधी डॉक्टरांकडे जा.

दोघींचा_बाबा (मुरारजी पेठ), १३ एप्रिल, रात्री ९.१०

माझी मोठी मुलगी देशी संडासाला घाबरायची. तिला वाटायचं आपण त्यात पडू. घरी कमोड बसवला तर तिथंही नको, पाय लोंबकळायचे. खुर्चीवर पाय अधांतरी ठेवून जोर लावून बघा, लागत नाही. मी कमोडवर लहान मुलांची बैठक टाकली आणि खाली पायांना लाकडी पाट दिला. पाट बुटका निघाला म्हणून त्याखाली दोन विटा ठेवल्या. गुडघे कमरेच्या वर आले आणि त्याच आठवड्यात फरक पडला. फ्लश ती उतरून बाहेर आल्यावरच करायचो, त्या आवाजालाही दचकायची.

वयाबद्दलही सांगतो, कारण आमच्या घरी यावरून फार बोलणी झाली होती. ब्राझेल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी छापल्या होत्या. मूल तयार दिसल्यावरच सुरुवात करायची, जबरदस्ती करायची नाही, अशी त्यांची पद्धत. त्यातही दिवसाचं पूर्ण जमायला मुलांना सरासरी साधारण सव्वादोन ते अडीच वर्षं लागली होती. सरासरी म्हटल्यावर पुष्कळ मुलं त्याच्या पुढची असणारच. पावणेतीन म्हणजे काही उशीर नाही.

पूर्वभागातली_अम्मा (अशोक चौक), १४ एप्रिल, दुपारी १२.४५

आमचं घर तेलुगू, पण लिहिते मराठीत, चुकलं तर समजून घ्या. माझी आई विड्या वळायची. आम्ही पाच भावंडं, एक खोली. आई सूप मांडीवर घेऊन बसायची, धाकटा समोर. शेजारचं पोरगं बसलं की त्यालाही बसवायची. अंगणात तीन-चार पोरं रांगेत. शिकवलं असं कुणी नाही, एकमेकांचं बघून शिकली. तुमच्या बाळाला कुणी भाऊबहीण बसलेलं दिसतं का? माझ्या मुलाला त्याच्या आत्तेभावानंच शिकवलं.

पाण्याचं म्हणाल तर आमच्या गल्लीत यंत्रमागावर टॉवेल निघतात. खराब निघालेले, कडेचे काप किलोवर मिळतात. मी त्याच्या तीन घड्या घालून चड्डीच्या आत टाके मारायचे. शू झाली तर खाली गळत नाही, सतरंजी, गादी वाचते. धुवायचा फक्त तो तुकडा. आणि ओलं लागतं, म्हणजे पोराला समजतंही. तुम्ही तर शिवणकामातल्या, तुम्हाला सोपं आहे.

गणवेशवाली_आई, १४ एप्रिल, रात्री ११.१५

अम्मा, मी रोज शेकड्यानं हाफ पँटी बघते. बटण, हुक, झिप. आणि माझ्या पोराला घरात घालते तीही बटणाची, माझ्याच हातची. आज लक्षात आलं की ती त्याला स्वतःला काढताच येत नाही. शूला मी नाहीतर आज्जी काढतो. उद्या सगळ्या इलॅस्टिकच्या करते.

डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळालीय.

गणवेशवाली_आई, २६ एप्रिल, रात्री १०.२०

उशिरा लिहितेय, सीझन चालू आहे.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. डाव्या बाजूला खालीच त्यांच्या हाताला घट्ट लागलं. मलाही हात लावून बघायला सांगितलं. माझं बोट तिथं ठेवल्यावर पोटात कशाचा गोळा आहे असं वाटलं, आणि हा दोन महिने ते घेऊन खेळत होता. बारीक चीर आहे म्हणाले. पाण्यात मिसळायची पावडर दिलीय आणि महिनाभर तरी बंद करू नका म्हणाले. सासूबाईही माझ्यासोबत आल्या होत्या. त्यांनी स्वतः विचारलं, "मी चार दिवस डायपर दिलं नाही, त्यानं झालं का ओ?" डॉक्टर म्हणाले, आज्जी, ते आधीचंच होतं, आता तुमचीच मदत लागणार आहे. त्या दिवसापासून पावडरची वेळ त्याच सांभाळतात. दूध दोन पेल्यांवर आलंय. पहिले तीन दिवस बाटलीसाठी फार रडला, रात्री तर उठून बसायचा. मग सासूबाईंनी ताकात कुस्करलेली भाकरी सुरू केली, ती खातो.

आता रोज होते, डायपरमध्ये, कपाटामागेच, पण मऊ. रडत नाही. पुढं काय करू?

बालवॉर्ड_सिस्टर, २७ एप्रिल, सकाळी ६.४५

फार छान झालं, आज्जींना माझा नमस्कार सांगा. दोन आठवडे असंच मऊ होऊ दे, त्याला विसरू दे की कधी दुखत होतं. मग जागा बदला, डायपर नको बदलू. म्हणजे डायपर घालून, पण कपाटामागे नाही, न्हाणीघरात. तिथं उभ्यानं केली तरी चालेल. ते सवयीचं झालं की डायपर घालूनच भांड्यावर बसवा. मग डायपर ढिलं बांधा. मग डायपरला खाली मोठं भोक कापा आणि तसंच बसवा. शी भांड्यात पडते, अंगावर डायपर असल्याचा धीरही राहतो. एक पायरी चार-पाच दिवस. त्यानं नको म्हटलं तर एक पायरी मागं या, बोलू नका काही.

वेळ जेवणानंतरची धरा. पोटात अन्न पडलं की आतडी हलतात, पंधरा-वीस मिनिटांत कळ येते. पाच मिनिटं बसवायचं, पायाखाली पाट. झाली नाही तर उठवायचं, चेहरा पाडायचा नाही.

रेवाची_मम्मी, २७ एप्रिल, रात्री ९.००

भोक कापायचं वाचून आजच केलं. आमची त्यातून वाकून खाली बघायला लागली. बसली तरी!

गणवेशवाली_आई, १७ मे, दुपारी ४.३०

आज पाण्याचा दिवस होता, पिंपं भरून झाली, आता बसलेय.

न्हाणीघराच्या पायरीला आठ दिवस गेले. तो आत जायचा आणि मला दाराबाहेर उभं करायचा, "दार लाव" म्हणायचा. मी लावायची, फटीतून त्याचे पाय दिसायचे. कपाटाऐवजी आता बादलीची कड धरायचा. मग नणंद मुलाला घेऊन राहायला आली, तो साडेचार वर्षांचा. अम्मा, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. तो भाचा दार उघडं टाकून बसतो आणि आतून गोष्टी सांगत राहतो. आमचा दाराशी उकिडवा बसून ऐकायचा. तिसऱ्या दिवशी स्वतःचं भांडं ओढत नेऊन त्याच्या शेजारी ठेवलं. डायपर घालूनच बसला, पण बसला.

मध्ये एकदा लग्नासाठी पुण्याला गेलो. गाडीत चार तास काहीच नाही, तिथं दोन दिवस काहीच नाही. मी घाबरले. पावडर चालूच होती. घरी आल्यावर तासाभरात झाली, जरा घट्ट, पण रडला नाही.

एक विचारायचं होतं, रात्रीचं डायपर कधी काढू? सकाळी भिजलेलं असतं.

बालवॉर्ड_सिस्टर, १७ मे, रात्री ८.१०

प्रवासात असं होतंच. रात्रीचं आत्ता डोक्यातच घेऊ नका. ते शिकवून येत नाही, वयानं येतं. पाच वर्षांपर्यंत गादी ओली होणं धरून चालायचं. दिवसा मात्र शूला जळजळ, सारखी सारखी थेंब-थेंब शू, ताप असं दिसलं तर लगेच दाखवा. बद्धकोष्ठतेच्या मुलांना लघवीचा संसर्गही होतो.

दमाणीनगरची_आज्जी, १८ मे, सकाळी ८.४०

सिस्टर, तुमचं देठाचं वाचून मी माझ्या सुनेला फोन केला. तिला मीच शिकवलं होतं ते. आता नको म्हणून सांगितलं.

गणवेशवाली_आई, ११ जून, रात्री ९.५०

भोकाच्या पायरीवर बारा दिवस होतो. रोज जेवण झालं की मी नाहीतर सासूबाई कात्रीनं डायपर कापायचो, तो शेजारी उभा राहून "इथं काप" म्हणून बोट दाखवायचा. भोक रोज थोडं मोठं केलं. शेवटी नुसता कमरेचा पट्टा उरला होता. परवा तो पट्टाही घालून घ्यायचा राहिला, भाच्याबरोबर खेळता खेळता उठला, इलॅस्टिकची चड्डी स्वतः खाली केली आणि बसला. मी भाकरी थापत होते. आतून हाक आली, "आई, ये. बघ."

दोन महिन्यांपूर्वी "बघू नको" म्हणायचा. तव्यावरची भाकरी तशीच सोडून गेले.

काल एकदा परत डायपर मागितलं, दिलं. आज नाही मागितलं. शाळेत जाऊन सगळं खरं सांगितलं. तिथल्या मावशींना भेटले, त्या म्हणाल्या, दोन जोड चड्ड्या दप्तरात ठेवा, पहिला महिना सगळ्यांचंच होतं. शाळेतला संडास आधी दाखवून आणला, त्यानं आत वाकून बघितलं आणि पाट कुठाय विचारलं. आता घरचाच एक पाट तिथं ठेवायची परवानगी मिळालीय.

बालवॉर्ड_सिस्टर, १२ जून, सकाळी ६.२०

ताई, ड्युटीवर जाताना वाचलं, दिवस चांगला जाईल. पावडर मात्र शाळा रुळेपर्यंत थांबवू नका. शाळेत लाजून रोखतात मुलं. कमी करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

गणवेशवाली_आई, १२ जून, रात्री १०.३०

हो सिस्टर. पुढच्या शनिवारी दाखवायला जायचंच आहे.

रेवाची_मम्मी, १३ जून, सकाळी १०.१५

ताई, ती टॉवेलची चड्डी कशी शिवलीत? आमची अडीच वर्षांची आहे, बाजारातली तिला काचते.

गणवेशवाली_आई, १३ जून, रात्री ११.०५

कमरेचं माप घ्या आणि इलॅस्टिक त्याहून तीन इंच कमी कापा, मांडीला इलॅस्टिक नको, नुसती दुमड. टॉवेलचा तुकडा पाच इंच रुंद, अकरा इंच लांब, तीन पदरी, मधोमध. कडेनं शिलाई मारू नका, ती टोचते. पुढे आणि मागे दोनच आडवे टाके, म्हणजे आतला तुकडा लवकर वाळतो. मुलीसाठी जाड भाग मध्ये घ्या, आमच्याला पुढे घेतला होता. जुना, धुऊन मऊ झालेला टॉवेल घ्या, नवा लवकर पाणी पीत नाही.